न पाहिलेल्या देशाची बदनामी

मी इजिप्तला गेलो नव्हतो. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

वाशीममध्ये आज जे मला ओळखतात, ते इजिप्तला जाऊन आलेले भूगोलाचे सर म्हणून ओळखतात. तिथे मला लुटलं, चाकू दाखवला, पोलिसांनी हाकलून दिलं, हेही त्यांना माहीत आहे, कारण मीच ते सांगितलं. यातलं काहीही घडलेलं नाही. माझ्या या खोट्यामुळे एका बाईचं जाणं राहून गेलं, म्हणून हे लिहितो आहे. नाहीतर म्हाताऱ्याची बढाई म्हणून सोडून देता आलं असतं.

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. नाईल नदी खडूने फळ्यावर काढायचो, दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि शेवटी समुद्राजवळ तिचे फाटे पंख्यासारखे पसरवायचो. माझ्या वर्गातली पोरं वाशीमच्या भाजीबाजारापलीकडे फारशी गेलेली नसायची, आणि मीही नागपूर-मुंबईपलीकडे गेलेलो नव्हतो. निवृत्त झालो, बायको गेली, मुलगी अमरावतीला नांदत होती. सत्तरी जवळ आली तेव्हा वाटलं, जी नदी हजार वेळा काढली ती एकदा पाहावी. मुंबईच्या एका टूर कंपनीकडे नाव नोंदवलं. कोरोना यायच्या दोन वर्षं आधीचा हिवाळा होता.

आमचा म्हाताऱ्यांचा एक कट्टा आहे. रोज सकाळी फिरून झालं की बागेजवळच्या शेडमध्ये वीस-पंचवीस जण बसतात. तिथे मी बातमी सांगितली आणि दोन दिवस दुसरा विषय निघाला नाही. कोणी म्हणालं, तिकडे बॉम्ब फुटतात. कोणी म्हणालं, परक्या माणसाला पळवून नेतात. निवृत्त तलाठी होते, ते म्हणाले, "सर, पैसा जास्त झाला असन तर मले द्या, पन मरायले तिकडे कायले जाता? इथं का जागा नाई?" सगळे हसले. मीही हसलो आणि मग त्यांना एक लांबलचक व्याख्यान दिलं. बातमीत दिसतो तेवढाच देश नसतो. एका गल्लीत भांडण झालं म्हणून आपण वाशीम सोडून जातो का? जिथे दहा कोटी माणसं रोज उठून दुकानं उघडतात, पोरं शाळेत धाडतात, तिथे आपण आठ दिवस राहू शकत नाही का? मला माझं बोलणं फार आवडलं होतं.

ते बोलणं मनापासून ऐकणारं तिथे एकच माणूस होतं. त्या आमच्या गल्लीतल्या सिस्टर. आरोग्य केंद्रात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावरही सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. नवरा लवकर गेला. एक मुलगा, तो हैदराबादला नोकरीला. मालेगाव-रिसोडकडच्या खेड्यांत त्यांनी आयुष्यभर बाळंतपणं केली, कधी बैलगाडीने, कधी चालत, नाल्याला पाणी असताना पदर खोचून. भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. दवाखान्यात एका औषध कंपनीचं कॅलेंडर यायचं. त्यात एका वर्षी नद्यांची चित्रं होती. पांढऱ्या शिडाच्या होड्या असलेलं नाईलचं पान त्यांनी कापून घरात आरशाशेजारी लावलं होतं, ते पिवळं पडलं तरी काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मला वाटेत थांबवून म्हणाल्या की, तुम्ही जाऊन या, मला सगळं नीट सांगा, मग पुढच्या हिवाळ्यात त्याच कंपनीबरोबर मी जाते. पासपोर्टसाठी त्यांनी नागपूरला दोन खेपा आधीच घातल्या होत्या.

कट्ट्यावर अजून एक जण यायचे, त्यांना आम्ही मास्टर म्हणायचो. शिंपी होते, कट्ट्यावरचे एकटेच मुसलमान. बसस्टँडच्या मागे त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. माझे लग्नातले कपडे त्यांच्या वडिलांनी शिवलेले आणि माझ्या मुलीच्या लग्नातले त्यांनी. मास्टर म्हणाले, परदेशात पैसे आणि पासपोर्ट अंगावर पाहिजे, बॅगेत नको. त्यांनी मला खादीची एक बंडी शिवून दिली. आतून, छातीच्या डाव्या बाजूला, मांजरपाटाचा चोरखिसा. बाहेरून हात फिरवला तरी कळू नये असा. शिलाई घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, तिकडच्या एखाद्या शिंप्याच्या दुकानाचा फोटो काढून आणा, मशीन कोणती वापरतात ते बघायचं आहे.

आमच्याकडे माणूस परदेशात जाऊन आल्यावर नाही, जायच्या आधीच त्याचा सत्कार होतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी चौकात फ्लेक्स लावला. माझा फोटो, मागे पिरॅमिड, खाली 'विदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा' आणि शुभेच्छुकांच्या पासपोर्टएवढ्या फोटोंची रांग. कट्ट्यावर शाल, श्रीफळ, पेढे झाले. तलाठी भाषण करताना म्हणाले, आमचे सर वाघ आहेत. स्थानिक पेपरात 'इजिप्त दौऱ्यावर रवाना' अशी बातमी छापून आली, तेव्हा मी अजून घरीच बॅग भरत होतो. पुसद नाक्यावर ट्रॅव्हल्सपर्यंत पोचवायला पंधरा माणसं आली. सिस्टरांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली.

विमान दुपारचं होतं. मी सकाळीच मुंबईच्या विमानतळावर पोचलो. दारापाशी आमच्या टूरबरोबर जाणारी मुलगी कंपनीच्या नावाची पाटी धरून उभी होती, एकेकाचे कागद तपासत होती. माझ्या पुढे पाच-सहा जण होते. तेवढ्यात मी फोन पाहिला. कट्ट्याच्या ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. एका बाजारात स्फोट, धूर, पळणारी माणसं. कुठला देश, कधीचं, काही लिहिलेलं नव्हतं. खाली फक्त, 'सर, सांभाळून.'

त्या व्हिडिओत बाजाराच्या मागे बर्फाचे डोंगर दिसत होते. इजिप्तमध्ये असे डोंगर नाहीत. एकतीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हे दिसत होतं, कळत होतं. आणि तरी माझे पाय गार पडले. मी त्या मुलीला सांगितलं की माझं बीपी वाढलंय. तिने मला खुर्ची दिली, पाणी आणलं, डॉक्टरला बोलावू का म्हणाली. माझ्या मुलीपेक्षा लहान होती ती, आणि त्याच देशात चौदाव्यांदा निघाली होती. मी तिच्याकडे न बघता म्हणालो की घरी जातो. बॅग ओढत बाहेर आलो. भीती वाटली, एवढंच खरं आहे. यात लाज वाटण्यासारखं फार काही नाही असं आता म्हणता येतं. तेव्हाच घरी येऊन सांगितलं असतं, तर कट्ट्याने महिनाभर चिडवलं असतं आणि सगळे विसरून गेले असते.

पण फ्लेक्स अजून चौकात होता. मी कल्याणला स्टेशनजवळच्या एका लॉजवर आठ दिवस राहिलो. फोन बंद ठेवला. तिकडे फोन लागणार नाही असं सगळ्यांना आधीच सांगितलेलं होतं. दिवसभर खोलीत टीव्ही बघायचो, दुपारी खाली जाऊन राइसप्लेट खायचो. सिस्टरांच्या दशम्या तिथेच संपवल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की परत गेल्यावर फोटो मागतील. मग विचार करायला लागलो, आणि फोन चोरीला गेला तर, हे सुचलं. फोन गेला म्हणजे फोटो गेले. चोरी झाली म्हणजे चोर आले, चोर आले म्हणजे चाकू आला. शाळेत नकाशा भरतो तसा मी तो प्रसंग भरत गेलो. सातव्या दिवशी खालच्या पानटपरीवरून दाढीचं ब्लेड आणलं आणि मास्टरांनी शिवलेला चोरखिसा कापला.

परत आलो तर स्टँडवर हार घेऊन लोक उभे. तो 'चोरीला गेलेला' फोन मी घरी जाऊन गव्हाच्या कोठीत खोल खुपसला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गर्दी होती. पिरॅमिड, स्फिंक्स, नदीचा रंग हे सगळं मला पुस्तकांतून पाठच होतं. ते दहा मिनिटांत सांगितलं आणि लगेच चोरीकडे वळलो. जसजसा सांगत गेलो तसतसे चेहरे फुलत गेले. त्यांना हेच ऐकायचं होतं. मी निघायच्या आधी त्यांनी जे जे म्हटलं होतं, ते सगळं खरं निघालं होतं. त्यांच्याशी वाद घालणारा माणूस परत येऊन कबूल करत होता की तुमचं बरोबर होतं. त्या दिवसाइतका मान मला कट्ट्यावर कधी मिळाला नाही. तलाठी म्हणाले, "त्या लोकाईचा देशच तसा हाय, सर. तुमी वाचले हेच लय झालं." मास्टर त्यांच्याच शेजारी बसले होते. सगळ्यांबरोबर तेही थोडे हसले. मी ते पाहिलं. 'तसं काही नाही' असं म्हणायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी बंडी काढून फाटलेला खिसा दाखवला.

संध्याकाळी मास्टर घरी आले. चेहरा पडलेला होता. त्यांना चोरीचं नाही, खिशाचं वाईट वाटत होतं. त्यांची शिलाई कमी पडली, बाहेरून फुगवटा दिसला असेल, नाहीतर चोराला कळलंच कसं, असं ते परत परत म्हणत राहिले. बंडी दुरुस्त करतो म्हणून घेऊन गेले. मला नाही म्हणायचं सुचलं नाही.

तीन दिवसांनी मला दुकानावरून बोलावणं आलं. मास्टर एकटेच होते. बंडी मशीनवर पालथी घातलेली, अजून शिवलेली नव्हती. त्यांनी चष्मा वर केला, बोटाने आधी आतली चीर दाखवली, मग बाहेरची.

"सर, बाहेरून ब्लेड मारली तं वरची चीर लांब अन् आतली आखूड. इथं उलटं हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "हे आतून कापलं हाय. हात खिशात घालून. आरामशीर."

ते मशीनवर वाकले आणि शिवायला लागले. पायाखालची पट्टी चालत होती, सुई चालत होती, आणि मी ओट्यावर परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या पोरासारखा बसून होतो. मी गेलो होतो की नाही हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. दोरा दाताने तोडला, बंडीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि फक्त इतकं म्हणाले, "माहं जाऊ द्या. मले रोज आयकाची आदत हाय. पन सिस्टर तुमच्या भरवशावर थांबून राह्यल्या. त्याईले सांगून द्या."

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

आज सांगू, उद्या सांगू असं करता करता उन्हाळा गेला. माझी गोष्ट तोवर सिस्टरांच्या मुलापर्यंत पोचली होती. दिवाळीला तो आला तेव्हा मला मुद्दाम भेटायला आला. शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याने सरळ विचारलं, "सर, तुम्ही स्वतः जाऊन आलात. आईला पाठवू का?" त्या दिवशी माझ्या समोर खरं बोलायची पूर्ण जागा मोकळी होती. मी म्हणालो, एकट्या बाईने जाऊ नये. हे वाक्य मी अगदी काळजीने, वडीलधाऱ्याच्या आवाजात म्हटलं. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मुलाने नको म्हटलं, आणि सिस्टरांनी टूर कंपनीकडे दिलेलं नाव काढून घेतलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. पुढे कोरोना आला. त्यानंतर त्यांचे गुडघे गेले, आधी एक, मग दुसरा.

त्या माझ्यावर कधी रागावल्या नाहीत, उलट मला विचारत राहिल्या. नदीचं पाणी कसं दिसतं? होडीत बसलात का? तिथल्या बाया काय नेसतात, बाजारात भाजी कोणती असते? मी सांगत राहिलो. पाणी सकाळी हिरवट दिसतं, दुपारी पांढरं. होडीवाला गाणं म्हणतो. वांगी आपल्यासारखीच, पण लांब. त्या ऐकताना आरशाशेजारच्या त्या चित्राकडे बघायच्या. एकदा त्यांनी पासपोर्टवरचा शिक्का बघायला मागितला. पासपोर्ट मुलीकडे अमरावतीला आहे म्हणालो. तो माझ्या कपाटात होता, आणि त्याची सगळी पानं कोरी होती.

मास्टरांनी एवढ्या वर्षांत कुणाजवळ एक शब्द काढला नाही. कट्ट्यावर माझी ती गोष्ट निघाली की ते उठून चहा सांगायला जायचे. माझ्याशी बोलणं तोडलं नाही, पण कपडे शिवून देताना दुकानात बसा असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मीही मग मुलीने आणलेले तयार शर्ट घालायला लागलो.

गेल्या वर्षी मास्टर वारले. आम्ही कट्ट्यावरचे सातआठ जण मातीला गेलो. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली, आणि हात झटकताना माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता हे कोणालाच माहीत नाही. मला हलकं वाटलं. पन्नास वर्षांच्या ओळखीच्या माणसाच्या कबरीजवळ उभा राहून मला बरं वाटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. खोटं बोलल्याची सवय झाली होती, पण या बरं वाटण्याची लाज काही केल्या जाईना. तरीही सिस्टरांच्या घराची पायरी चढायला मला आणखी सात महिने लागले.

दुपारी गेलो. त्या खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या, सुपात मेथी निवडत. मी बसलो आणि लॉजपासून सुरुवात न करता पहिलं वाक्य तेच म्हटलं, जे इथे वर लिहिलं आहे. मग सगळं सांगितलं, व्हिडिओ, कल्याण, ब्लेड, मास्टर, त्यांचा मुलगा. त्या मेथी निवडत राहिल्या. मधे एकदाच थांबल्या.

"मंग ते पानी सकायी हिरवट दिसते ते?"

"पुस्तकातलं."

"अन् होडीवाला गाना म्हनते ते?"

"ते मनानं सांगितलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मी बालाजीले नारय फोडला होता, सर. देवानं मले वाचवलं म्हनून."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाल्या की मला नका सांगू, ज्याने मला नाही म्हटलं त्याला सांगा. स्वतःच मुलाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर धरला. ज्या पोराला मी नकाशा शिकवला त्याला मी ते सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. फोन कटला की काय म्हणून सिस्टरांनी बघितलं. मग तो म्हणाला, "सर, मी तिचं तिकीट काढणारच होतो. तुमच्याकडे फक्त नावाला आलो होतो, तुम्ही हो म्हणाल म्हणून."

सिस्टरांनी त्याला विचारलं की आता काढतोस का. तो म्हणाला, आई, आता तुला जिना चढवत नाही, आणि तिकडच्या भागातल्या बातम्याही पुन्हा ठीक नाहीत. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मला सरळ विचारलं. आवाज चढलेला नव्हता, दवाखान्यात पेशंटला कुठे दुखतं ते विचारावं तसा होता.

"एक सांगा. तो देश खरंच खराब हाय का चांगला हाय?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. आणि हे खरं आहे. तिथे जाणं धोक्याचं होतं की नव्हतं, त्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या असत्या तर सुखरूप आल्या असत्या की नाही, यातलं मला काहीही माहीत नाही. कदाचित तलाठ्यांचंच बरोबर असेल. माझ्याबरोबरचे बाकीचे लोक जाऊन आले, त्यांनाही मी कधी फोन करून विचारलं नाही.

"तुमाले माहीत नाई," त्या म्हणाल्या. "मंग मले जाऊ द्याचं होतं. मी येऊन सांगतलं असतं."

मी उठलो. दारापर्यंत आल्यावर त्यांनी हाक मारून सांगितलं की, जेवढ्या लोकांसमोर ती चोरीची गोष्ट सांगितली तेवढ्यांसमोर हेही सांगा. मी म्हणालो, त्यातले निम्मे आता नाहीत. त्या म्हणाल्या, मग लिहा, जे आहेत त्यांना वाचून दाखवा. त्यांनी पुन्हा सूप ओढून घेतलं.

तलाठी अजून आहेत, त्यांना ऐकू कमी येतं. मी मोठ्याने वाचणार आहे. मास्टरांचा मुलगा आता दुकान चालवतो, त्यालाही मी रविवारी कट्ट्यावर बोलावलं आहे. त्याने कशासाठी म्हणून विचारलं. तुझ्या वडिलांबद्दल आहे, एवढंच सांगितलं. तो येतो म्हणाला. सिस्टरांना शेडच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत. त्यांच्यासाठी खाली, उन्हात, खुर्ची ठेवायला सांगितली आहे. त्या येणार का, हे मी विचारलेलं नाही.